जाडा राहिलेला मसाला

लालबागच्या आमच्या डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या गिरणीवर, एक रीत आहे. मसाला जिचा, तिनं तो कांडून होईपर्यंत थांबायचं, दुसरीचा त्यात मिसळू नये म्हणून. तास-दीड तास जातो आणि घरी कुणी विचारत नाही, बाई होती कुठं. एकतीस वर्षं डंक चालवून ही गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही. मालकीणबाईंच्या, कमलवहिनींच्या शिरली.

त्यांनी माळ्यावरची मिरचीची पोती हलवली, दोन खुर्च्या टाकल्या आणि दर गुरुवारी एका संस्थेच्या इरावतीताईंना बसवलं. घरात मार खाणाऱ्या बाईनं खाली मिरची द्यायची आणि वर जाऊन बोलायचं. मी कटकट केली, लोकांच्या घरात नाक कशाला खुपसता म्हणून. वहिनींनी एवढंच विचारलं, शेजारच्या खोलीतून रडणं ऐकू आलं की तू टीव्हीचा आवाज वाढवतोस ना? वाढवायचो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एका गुरुवारी अनुजा आली. ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस. त्या दिवशी तिला वर तक्रारीचा अर्ज पुरा करून तिथूनच ताईंबरोबर आधारगृहात जायचं होतं. वहिनींनी मला बजावलं होतं, हिचा मसाला सावकाश कांड.

पण माझा हात म्हणजे ना! झक मारली आणि पाऊण तासात कांडून, चाळून, पिशवीसुद्धा बांधली. तेवढ्यात तिचा नवरा उन्मेष दारात. मसाला झालाय, मग बायको कुठाय, म्हणाला.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, वर बायकांबरोबर खडा मसाला निवडतेय. तो जिन्याकडे वळला. माझा मसाला बिघडला असं मी जन्मात कबूल केलं नव्हतं, त्यापायी गिऱ्हाइकांशी भांडलोय. मी पिशवी सोडली आणि सगळा मसाला परत डंकात ओतला.

"जाडा राहिलाय. चूक माझी. थांबा."

रांगेतल्या ललिताबाई माझ्या मसाल्याची गावभर तारीफ करणाऱ्या. त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसल्या आणि म्हणाल्या, मागच्या वेळी माझापण जाडाच आला होता. मग बाकीच्याही मला शिव्या घालत त्यांच्याभोवती जमल्या. एवढ्या गोड शिव्या मी कधी खाल्ल्या नाहीत. उन्मेष शिंकत उभा राहिला.

अर्ध्या तासानं अनुजा जिन्यात आली, मागे इरावतीताई. वहिनींनी डंक बंद केला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"मसाला तुम्ही घेऊन जा," अनुजा म्हणाली. "मी घरी येणार नाही."

तो पुढे सरकला. बायका जागच्या हलल्या नाहीत. मग तो हात हलवत निघून गेला, पिशवी तशीच राहिली. अनुजा ताईंबरोबर टॅक्सीत बसली.

तो मसाला मैद्यासारखा झाला होता, माझ्या हातचा सगळ्यात वाईट. वहिनींनी तो बरणीत भरून समोरच्या फळीवर ठेवलाय. कुणी नवी बाई बिचकत आली की आता मीच आधी विचारतो, "ताई, सावकाश कांडू?"