दंड समजून कोर्टात नेलेलं तिकीट

मी तिकीट बोलतोय. सिनेमाचं नव्हे, बसचंही नव्हे. अपंगत्वाची सरकारी मदत घेणाऱ्या माणसाने पुन्हा काम करून पाहावं, म्हणून टपालाने घरी येतं ते कामाचं तिकीट. जाड कागद, हिरवी किनार आणि वर ठळक अक्षरांत 'तिकीट'. हा शब्द ज्या शहाण्याने निवडला, त्याची मला एकदा गाठ घ्यायची आहे. आमच्या अमेरिकेतल्या केंटकीत पोलिसाने ठोकलेल्या दंडालाही तिकीटच म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

माझी बहुतेक भावंडं न वाचताच कचऱ्यात गेली. मी व्हर्लीन स्कॅग्जबाईंच्या टपालपेटीत पडलो, तोही नेमक्या सोमवारी.

नेमक्या अशासाठी, की शनिवारीच बाईंनी आपली विजेवरची चाकाची खुर्ची चर्चच्या उतारावर भर रस्त्यात सुसाट सोडली होती. कॉय नावाच्या पोलिसाने गाडी आडवी घातली.

"मावशी, हा रस्ता गाड्यांचा आहे."

"मला शिकवतोस? बावीस वर्षं शाळेची बस हाकलीये मी इथून. मागच्या बाकावर कोण ओकायचं, सांगू का सगळ्यांना?"

कॉय गुपचूप निघून गेला. आणि सोमवारी मी आलो.

"मेल्याने ठोकलंच तिकीट!" बाई कडाडल्या. त्या एका शब्दापुढे वाचायचं किंवा मला उलटून बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

साखरेच्या आजाराने बाईंचा डावा पाय गेला आणि पायापाठोपाठ बसही. उरले दोन आधार. सरकारी मदतीचा महिन्याचा चेक आणि औषधांचं कार्ड. त्या कार्डावर इन्सुलिन मिळे, म्हणजे जीवच त्याच्यावर. पंचक्रोशीत प्रत्येकाचा एकच सल्ला होता: कामासाठी बोट जरी हलवलंस, तरी दोन्ही गेले. ही भीती बाईंच्या अंगात एवढी मुरली होती, की चर्चच्या मदतीसाठी केकच्या टेबलामागे बसतानाही त्या गिऱ्हाइकाला बजावत, "मी विकत नाहीये हं, नुसती शेजारी बसलेय."

गुरुवारी त्यांनी मला कोर्टात नेलं. न्यायाधीश डेन्व्हर रॅटलिफ हेही त्यांच्याच बसमधून शाळेत गेलेले. कॉय एका दुसऱ्या कामासाठी भिंतीला टेकून उभा होता.

"गुन्हा कबूल नाही!" बाईंनी मला टेबलावर आपटलं.

जजसाहेबांनी मला वाचलं. पुन्हा वाचलं. "व्हर्लीनबाई, यात लिहिलंय की तुम्ही काम करू शकता."

"साफ खोटं! साक्षीदार आणा."

लोक खो खो हसले. मग जजसाहेबांनी ते केलं, जे त्या पंचक्रोशीत कुणीही केलं नव्हतं. त्यांनी मला उलटं केलं. माझ्या पाठीवर फुकट चौकशीचा फोन नंबर होता, मुंगीएवढ्या अक्षरांत. का? ठळक अक्षरांची शाई काय सगळी 'तिकीट' या शब्दातच संपली होती?

मधल्या सुट्टीत जजसाहेबांनी स्वतः फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "तुम्हाला नऊ महिन्यांची ट्रायल मिळेल."

"नऊ महिने खटला?" बाई पांढऱ्या पडल्या. "एका उतारासाठी?"

"खटला नाही हो! कामाची ट्रायल. काम करून बघायचं. पगार कितीही झाला तरी त्या नऊ महिन्यांत चेक चालूच."

बाईंचा आवाज एकदम खाली आला. "आणि माझं कार्ड?"

"ते त्यानंतरही कितीतरी वर्षं राहतं."

"आणि तब्येतीने परत दगा दिला तर?"

"चेक थांबल्यापासून पाच वर्षांच्या आत आम्हाला कळवा. चेक परत सुरू होऊ शकतो, पहिल्यापासून अर्ज करायला नको."

मग कॉय भिंत सोडून पुढे आला. "मावशी, आमच्या चौकीत वायरलेसवर माणूस हवाय. बसून बोलायचं काम. नवीन येतात त्यांना इथल्या गल्ल्या कळत नाहीत. तुम्हाला तर प्रत्येक घराचं कुत्रंसुद्धा ठाऊक."

"आवाज चढवला तर चालेल?"

"गेली तीस वर्षं चालवून घेतोय की."

सध्या मी चौकीच्या टेबलावर, काचेखाली असतो. बाई माइकवर ओरडतात, "कॉय, मिलच्या वळणावर हळू! दुपारी पोटभर जेवलायस." पहिले नऊ महिने दर महिन्याला त्या टपालपेटी श्वास रोखून उघडत. चेक येत राहिला. गेल्या महिन्यात मात्र तो थांबल्याचं पत्र आलं. ज्या पत्राच्या धाकाने सबंध पंचक्रोशी हातपाय आखडून बसते, तेच ते पत्र. औषधांचं कार्ड पर्समध्ये शाबूत होतं. बाईंनी चौकीत केक वाटला आणि वर म्हणाल्या, "आता खुशाल विकेन!"

कचेरीतल्या साहेबांनो, माणसाला धीर द्यायला निघालात, तर तो धीर पाठीवर बारीक टाइपात छापू नका. आणि तुम्ही, ज्यांच्या पेटीत माझं एखादं भावंड येऊन पडेल, तुम्ही खुशाल आधी शिव्या घाला. आमची ना नाही. फक्त फेकण्याआधी एकदा उलटं करा.