पुठ्ठ्याची घडी

धाकटीच्या हातावर तापलेलं तेल सांडलं तेव्हा मॅनेजरनं आधी काय केलं असेल? डॉक्टरला फोन? छे. तो तळणीच्या मशीनपाशी वाकला, खाचेतला पुठ्ठा ओढून काढला, पँटच्या खिशात कोंबला, आणि मग ओरडला की कोणीतरी पाणी आणा. थोरलीनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. जावेचा हात नळाखाली धरून ती उभी होती आणि नजर त्या खिशावरून हलत नव्हती.

त्या पुठ्ठ्याची हकीकत अशी. दुकान बर्गर आणि फ्राइजचं. तळणीचं तेल रोज दुपारी गाळायचं, आणि त्याआधी ते निववायचं, असा मशीनचा नियम. तेल निवल्यावरच खालचा ट्रे आत बसतो, तो बसला की हिरवा दिवा लागतो, मगच तोटी उघडते, आणि तेल त्या ट्रेतून ठिबकत ठिबकत गाळलं जातं. मशीन बनवणाऱ्याला माणसांच्या हातांची काळजी होती म्हणायची. पण तेल निवेपर्यंत तळण बंद, गिऱ्हाईक खोळंबतं, ऑर्डर घ्यायच्या खिडकीवरचा स्क्रीन लाल होतो, आणि तो लाल झाला की वरच्या साहेबांचा फोन येतो. त्यावर मॅनेजरनं अक्कल काढली. पावाच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, चार पदरी घडी घालायची, एक कोपरा आत दुमडायचा, बाहेर छोटासा कान ठेवायचा आणि ट्रेच्या खाचेत सारायची. मशीन फसतं. ट्रे नसतानाही हिरवा दिवा लागतो आणि तापलेलं तेल धो धो बादलीत पडतं. बादली दोघांनी धरायची. पण त्या दिवशी एकीला लवकर घरी पाठवलं होतं, कारण माणसं कमी ठेवली की मॅनेजरची पाठ थोपटली जाते, आणि थोरली तिचं काम उरकत होती. धाकटीनं बादली एकटीनं धरली, आणि ती कलंडली.

ही घडी मॅनेजरनं थोरलीला शिकवली होती. धाकटीला थोरलीनं.

मॅनेजरच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं, आपण सगळे एक कुटुंब. पाणी प्यायला थांबलं की म्हणायचा, कुटुंबात असं कोणी अर्ध्यात काम टाकतं का? तापात सुट्टी मागितली तर म्हणायचा, घरच्या बाईला कधी सुट्टी असते का, ताई? लघवीला जायचं तरी त्याच्या तोंडाकडे बघायचं. पाठीमागे सगळे त्याला कुटुंबप्रमुख म्हणत आणि खिदळत. असलं कुटुंब वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

दवाखान्यात त्यानं स्वतःच्या गाडीतून नेलं. तेवढ्यातही आरशात बघून गोड बोलत होता. दुकानात झालं म्हणालात तर चौकशी लागेल, दुकानाला टाळं लागेल, मग इतक्या जणांच्या पोटावर पाय कोणी दिला म्हणायचं? घरी तळताना भाजलं म्हणून सांगा. औषधपाण्याचं मी बघतो, दोघींची जागाही कुठे जात नाही.

"घरातली गोष्ट आहे, ताई. घरातच राहू द्या."

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते, पण डोळे विचारत होते. थोरलीचा नवरा कंबर धरून अंथरुणावर होता आणि दोन्ही घरच्या चुली याच दुकानावर पेटत होत्या. थोरलीनं मान हलवली. आणि डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरासारखी खिडकीबाहेर बघत बसली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण नजर करारी. घरी भाजलं, हे त्यांनी ऐकून घेतलं आणि हात उलटसुलट करून पाहिला. कोपरापासून बोटांपर्यंत सगळं सोलून निघालेलं. तेवढ्यात धाकटीचा नवरा धावत आला. तो रंगारी. कामावरून तसाच उठून आलेला, दंडावर पांढऱ्या रंगाचे ओघळ, श्वास लागलेला. बाईंनी त्याला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि बाहेर बसायला सांगितलं. मग दार लोटून खुर्ची पुढे ओढली. इतकं तेल घरात कोण तापवतं? कोणी ओतलं? नवरा हात उगारतो का? घाबरू नको, सांग.

धाकटी नाही नाही म्हणाली. पण खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खरंही खोट्यासारखं वाटतं. ती जितकी अडखळली तितका बाईंचा चेहरा कठोर होत गेला. त्यांनी नर्सला खूण केली.

थोरली बाहेर आली तेव्हा बाकापाशी पोलीस उभा होता. दीर मान खाली घालून बसला होता आणि नखातला रंग कोरत होता. तिचं लग्न झालं तेव्हा हा शाळेत होता. तिनं त्याचे डबे भरले होते, ताप आला की रात्ररात्र उशाशी बसली होती. मुंगी चिरडली तरी हळहळणारा माणूस. त्यानं वर पाहिलं.

"वहिनी, मी काय केलं?"

तिच्या मस्तकात तिडीक गेली. मॅनेजरचा राग, त्या गोड आवाजाचा राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हललेल्या मानेचा. मॅनेजरची कातडी वाचावी म्हणून ती आपल्या माणसाच्या गळ्यात फास अडकवायला निघाली होती. ती दार ढकलून आत गेली.

"तेल दुकानात सांडलं. तिचा नवरा तिथं नव्हताच," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "आणि ज्या घडीनं सांडलं ती घालायला मी शिकवलं तिला. हेही लिहा."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं, पोलिसाला परत पाठवलं आणि कामगार खात्याला कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खात्याच्या तपासनीस बाई दुकानात आल्या. मॅनेजर हसतमुख. ताईंना बिचाऱ्यांना धक्का बसलाय, म्हणाला. पुठ्ठा-बिठ्ठा इथं कोणी लावत नाही. हवं तर सगळ्यांना विचारा, आम्ही एक कुटुंब आहोत.

बाईंनी विचारलं. पाववाला जमिनीकडे बघत राहिला. खिडकीवरच्या मुलीनं टोपी खाली ओढली. भांडीवाल्या मावशी ओले हात पुसत राहिल्या, पुसून झाले तरी. थोरलीला एकेकाला गदागदा हलवावंसं वाटलं. पण कोणत्या तोंडानं? कालच तर ती गाडीत अशीच बसली होती.

तिनं पावाचं रिकामं खोकं ओढलं, टराटरा फाडलं, आणि स्टीलच्या टेबलावर एकेकापुढे एकेक तुकडा ठेवला.

"बोलू नका," ती म्हणाली. "बोललात तर काय होईल ते मला कळतं. नुसती घडी घाला."

कोणी हललं नाही. मॅनेजर म्हणाला, हा काय पोरखेळ. त्याचं वाक्य संपायच्या आत मावशींनी आपला तुकडा उचलला. थिजलेल्या, सुरकुतलेल्या बोटांनी चार पदर केले, कोपरा दुमडला, कान काढला. मग पाववाल्यानं. मग खिडकीवरच्या मुलीनं, तिनं तर खाली न बघता. थोड्या वेळानं टेबलावर एकसारख्या घड्यांची रांग लागली. तोंडं अजून बंदच होती.

तपासनीस बाईंनी एक घडी उचलली, ट्रे बाहेर ओढला आणि ती खाचेत सारली. हिरवा दिवा लागला.

बाईंनी त्या बाहेर आलेल्या कानाला बोट लावलं. "हा कशाला ठेवता?"

"या मॅनेजरसाहेबांनीच शिकवलंय," थोरली म्हणाली. "कोणी भाजलं तर पटकन ओढून खिशात घालता यावा म्हणून. काल पाहिलं मी."

मॅनेजर काहीतरी बोलायला लागला, पण त्याचा हात आधीच खिशावर गेला होता आणि ते सगळ्यांनी पाहिलं. बाहेर गिऱ्हाइकांची गर्दी वाढत होती. खिडकीवरचा स्क्रीन लाल झाला आणि लालच राहिला, पण त्या दिवशी जागचं कोणी हललं नाही.