दोष हिरव्या पुडीचा नव्हता

मित्रांनो, मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. भिंतीतली वीज घ्यायची आणि संगणकातल्या प्रत्येकाला झेपेल तेवढी वाढायची, हे माझं काम. पंगतीतला वाढपीच म्हणा ना. वाढप्याकडे कोणी बघत नाही, पण त्याने घात केला की सगळी पंगत उपाशी उठते. तसा घात मी केला आहे. तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझी उमेदीची नऊ वर्षं तैवानमधल्या काओशुंग शहरात एका शिकवणीच्या ऑफिसात गेली. तिथे मी कधी कुरकुर केली नाही. पुढे शिकवणी बंद पडली आणि मी जुन्या बाजारातल्या एका टोपलीत येऊन पडलो. तोवर उन्हाळे सोसून माझ्या पोटातले दोन कपॅसिटर फुगले होते. कपॅसिटर म्हणजे वीज क्षणभर धरून ठेवणारी बोटाएवढी डबी. बाहेरून मात्र मी चकचकीत. वरून कीर्तन, आतून तमाशा!

एका मंगळवारी बाओ-जू आजी त्या टोपलीपाशी आल्या. सोबत त्यांचे शेजारी ल्याव काका होते, लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले. आजींना खेळ खेळण्यासाठी संगणक हवा होता, तोही जुन्या भागांतून जुळवलेला. हसू नका. त्यांची अकरा वर्षांची नात मिन-आन आईबापांबरोबर कॅनडाला गेली होती. फोनवर ती "हं" आणि "बरं" यापलीकडे बोलायची नाही. पण शनिवारी सकाळी दोघी एका खेळात शिरल्या, की शाळा, मैत्रिणी, रडणं, सगळं ती भडाभडा सांगायची. आजींचा जुना संगणक नेमका लढाईच्या मधोमध बंद पडायचा. शेवटी नात म्हणाली होती, "आजी, तू परत मध्येच गायब झालीस ना, तर मी वर्गातल्या मुलींबरोबरच खेळेन."

काकांनी एकेक भाग पारखून घेतला. मदरबोर्ड घेतला तो एका बंद पडलेल्या नेट कॅफेतला. मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने घासून पाहिल्या. खेळातली चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डासाठी तर तीन दुकानं पालथी घातली, त्याचा पंखा फिरवला, वास घेतला. त्यातच आजींचं पाकीट हलकं झालं. माझी पाळी सगळ्यात शेवटी आली.

"याचं झाकण उघडून बघा की हो," आजी म्हणाल्या.

"ताई, हा नुसता वीज देणार. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यात मी, आता तुम्ही मला शिकवणार?"

दुकानदाराने मला दहा मिनिटं चालवून दाखवलं. पोटातली कळ मला जाणवत होती. जरा घरघर केली असती, तरी काकांचे कान टवकारले असते. पण कितीतरी महिन्यांनी मला कोणीतरी उचललं होतं. पुन्हा टोपलीत जायची भीती वाटली. मी दम धरून गप्प राहिलो. मित्रांनो, माझं पाप ते हेच.

घरी आल्यावर आजींनी संगणकावर मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी ठेवली. आमच्याकडे बँकेत, दवाखान्यात, जिथे यंत्र तिथे ही पुडी असतेच. तिच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग', म्हणून ती ठेवली की यंत्र बिघडत नाही अशी समजूत. फक्त रंग हिरवा हवा आणि तारीख उलटलेली नको.

शनिवार आला. काय झकास चाललं होतं! आजींनी दोन राक्षस लोळवले. ग्राफिक्स कार्ड तापून जास्त जास्त वीज मागू लागलं आणि मी कसाबसा पुरवत राहिलो. तेवढ्यात मिन-आन हळूच म्हणाली, "आजी, तुला एक सांगू? आईला नको हं सांगूस..."

आणि फट्! माझ्या पोटातून धूर निघाला. जाता जाता मी त्या गुणी कार्डालाही जाळलं.

काकांनी मला घरी नेऊन उघडलं. फुगलेले कपॅसिटर पाहून त्यांचा चेहरा उतरला. ते परत आले तेव्हा आजी पुडी हातात घेऊन बसल्या होत्या.

"तारीख परवाच उलटली होती हो. माझंच चुकलं."

काका घुटमळले. "हं... तारीख बघायला हवी होती," एवढंच म्हणाले. करून सवरून आम्ही दोघंही नामानिराळे!

काकांनी स्वतःच्या संगणकातले भाग काढून आजींना बसवून दिले. आजींनी नातीला फोन करून कारण सांगितलं. ती "बरं" म्हणाली. त्यानंतर चार शनिवार आजी चष्मा लावून नव्या पुडीची तारीख वाचायच्या आणि संगणकाला सांगायच्या, "या वेळी नीट बघितलीय रे बाबा." पण पडद्यावर मिन-आनच्या नावापुढचा, ती खेळात आल्याचा दिवा काही लागला नाही.

पाचव्या शनिवारी काकांना राहवलं नाही. मला बिनझाकणाचं आजींसमोर ठेवून ते म्हणाले, "ताई, दोष पुडीचा नव्हता. हे दोन बघा, केव्हाचे फुगलेत. तुम्ही सांगूनही मी उघडलं नाही. वर खोटं बोललो."

आजी उठल्या. मग त्यांनी खणातून ती तारीख उलटलेली पुडी काढून फोडली. एक कुरकुरा स्वतः खाल्ला, एक काकांना दिला.

"खा. चांगली आहे की. उगाच बिचारीला बोल लावत बसले."

मित्रांनो, कोणतीही जुनी वस्तू घ्याल तेव्हा तिचं झाकण उघडून बघा, वाढप्याचंसुद्धा. आणि तुमच्या पोटात काही दुखत असेल, तर टोपलीला घाबरून गप्प बसू नका. वेळेवर कण्हा.

मी आता आजींच्या फळीवर आहे. दर शनिवारी सकाळी दहापर्यंत त्या नातीची वाट बघत पडद्यासमोर बसतात. मिन-आनला आईपासून लपवून काय सांगायचं होतं, ते अजून कोणालाच कळलेलं नाही.