एका ओळीत नऊ नावं

आमच्या गावात दर दुसऱ्या घरात गिटार बनते, त्यामुळे गिटार बनवता येणं ही काही मिरवायची गोष्ट नाही. मिरवायची ती गिटारीच्या पोटातली चिठ्ठी. भोकातून आत डोकावलं की ती दिसते आणि तिच्यावर एकच नाव असतं. फळी निवडण्यापासून शेवटचं पॉलिश मारेपर्यंत सगळं ज्याने स्वतः केलं, त्याचं. माझ्या पापांचं, निकांद्रो सालापा हे नाव, आजवर दोनशे चौदा पोटांत आहे. माझं एकाही नाही. माझ्या कारखान्यातून महिन्याला साठ गिटारी बाहेर पडतात आणि त्यांच्या पोटात नुसता शिक्का असतो.

पापांना हे बोचायचं. अंगणाच्या एका कडेला त्यांची खोली, दुसऱ्या कडेला माझा कारखाना. खिडकीत उभे राहून ते माझ्या माणसांना मुद्दाम ऐकू जाईल असं बोलायचे.

"लेओकादिया, तुझे आठ जण मिळून काय करतात गं? एक मान कोरतो, एक फळी तासतो, दोघं कडेच्या पट्ट्या वाकवतात. मग गिटार कोण बनवतं?"

"कारखाना बनवतो, पापा."

"एक ना धड, भाराभर चिंध्या!"

रागाचं म्हणाल तर मी त्यांचीच मुलगी. मी म्हणायचे, "तुम्ही वर्षाला सहा करता. सहा जण वाजवतील. बाकीच्यांनी काय टाळ्या वाजवायच्या?" यावर ते खिडकी लावून घ्यायचे.

फेब्रुवारीत त्यांच्या रंध्याचा आवाज बंद झाला. आधी वाटलं, रुसलेत. पंधरा दिवस झाले तशी मी गरम कोरुंदांची, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेल्या मक्याच्या गोळ्यांची ताटली आणि कपभर आतोले, मक्याची गोड पेज, घेऊन त्यांच्या खोलीत गेले. पापा रिकाम्या हातांनी बसले होते. पुढ्यात एक जुनी फळी होती. जुन्या चर्चचं छप्पर उतरवलं तेव्हा एका तुळईतून ती त्यांनी कापून घेतली होती आणि एकतीस वर्षं कापडात गुंडाळून ठेवली होती. तिची गिटार करून ऑगस्टच्या जत्रेतल्या स्पर्धेत पहिलं यायचं, एवढी एकच हौस त्यांना उरली होती. जत्रेत गिटारी पडद्यामागे वाजवतात. कोणती कोणाची ते परीक्षकांना कळत नाही. पापा तीनदा दुसरे आले होते.

त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. तो थरथरत होता.

"पटाशी धरली की हा माझं ऐकत नाही," ते म्हणाले. "फळी चुलीत घालतो. दुसरं काय करणार?"

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी ओरडते. "चुलीत घालायची तर मला द्या! कारखान्यात करू."

"तुझ्या त्या आठ जणांच्या हातात?"

"सोळा हात आहेत, पापा. एकही थरथरत नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. पापांनी एक कोरुंदा सावकाश सोलून खाल्ला, दुसरा खाल्ला, आतोले संपवलं.

"मी बाजूला उभा राहणार," शेवटी ते म्हणाले.

"राहा."

"आणि बोलणार."

"त्यात नवीन काय?"

सोमवारी फळी काखेत मारून ते कारखान्यात शिरले आणि थेट उबाल्दोपाशी गेले. उबाल्दो अकरा वर्षं माझ्याकडे वरच्या फळ्या तासतो. मापात अडीच मिलिमीटर भरली की फळी पुढे सरकते.

"अडीचच का?" पापांनी विचारलं.

"मालकीणबाई डोन्या लेओंनी सांगितलंय, माएस्त्रो."

"तुझ्या फळीची गिटार कशी वाजते?"

उबाल्दोने डोकं खाजवलं. त्याने कधी ऐकलीच नव्हती. तारा रस्त्याकडच्या दुकानात चढतात, तिथून गिटारी खोक्यांत बसून ग्वादालाहाराला जातात.

"अकरा वर्षं स्वयंपाक करतोयस आणि एकदाही चव नाही घेतली?" पापा माझ्याकडे वळले. "आणि हिला वाटतं, हिचं स्वयंपाकघर फार शिस्तीचं!"

मग त्यांनी फळी कानाशी धरली, बोटाच्या पेराने ठोकली आणि उबाल्दोच्या कानाशी नेली. "ऐक. बद्द वाजतेय. अजून एक हात मार. आता ठोक. अजून. हळू... थांब! ऐकलंस?" उबाल्दोचा चेहराच बदलला. त्याने ऐकलं होतं. मी माप लावून पाहिलं तर फळी एका कडेला सव्वादोन भरली, दुसऱ्या कडेला दोन.

तिथे थांबले असते तर ते पापा कसले! उबाल्दोला हाताला धरून त्यांनी पट्ट्या वाकवणाऱ्या जुळ्या भावांकडे नेलं, कारण फळी एवढी पातळ तर पट्ट्या किती ताठ हव्यात हे त्यांनाही कळायला हवं. जुळ्यांना मान कोरणाऱ्याकडे नेलं. दुपारपर्यंत आठही जण एका फळीभोवती उभे, प्रत्येक जण ठोकतोय आणि भांडतोय. भिंतीवरच्या माझ्या वेळापत्रकाचे बारा वाजले.

"पापा, बावीस गिटारी अडल्यात!"

"अडू देत. तू माणसं घेतलीस आणि आठ खोक्यांत बंद करून ठेवलीस. शेजारचा काय करतो हे एकालाही माहीत नाही."

ते मला लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

पण पापांचीही पाळी आली. पट्ट्या भिजवून, तापल्या नळीवर दाबून वाकवायला त्यांना अख्खा दिवस लागायचा आणि दर तिसरी पट्टी हमखास तडकायची. जुळ्यांनी दोन्ही पट्ट्या चाळीस मिनिटांत वाकवल्या. पापांनी चष्मा लावून चीर शोधली, उजेडात नेऊन शोधली.

"पुन्हा करून दाखवा."

जुळ्यांनी दुसऱ्या लाकडावर पुन्हा करून दाखवलं. मग चायोने भोकाभोवतीची नक्षी बसवली. ही चायो दिवसभर दुसरं काही करत नाही. केसाएवढ्या काड्या रंगवते आणि बसवते. पापा त्या नक्षीवर बराच वेळ वाकून राहिले. "मी पन्नास वर्षं हे काम करतोय," ते पुटपुटले. "हे माझ्याहून चांगलं आहे."

"काय म्हणालात पापा? इकडे ऐकू नाही आलं."

"आलं तुला ऐकू. काम कर."

जूनच्या अखेरीला गिटार तयार झाली. तारा आम्ही पहिल्यांदाच कारखान्यात चढवल्या. थोरल्या जुळ्याला वाजवता येतं. त्याने एकच सूर छेडला आणि हात काढून घेतला. सूर चालूच राहिला. उबाल्दो लाकडाच्या ढलप्यांत मटकन बसला. "ही मी तासली?" तो विचारत होता. "ही मी?"

ऑगस्टमध्ये नाव नोंदवायला आम्ही सगळे गेलो. टेबलामागे डॉन अबुंदिओ बसले होते. पापांच्याच वयाचे, दोनदा पहिले आलेले, आणि पापांना जन्मभर पाण्यात पाहणारे.

"बनवणाऱ्याचं नाव?"

"नऊ आहेत," पापा म्हणाले.

"शुद्धीवर आहेस ना, निकांद्रो? एक गिटार, एक नाव. ओळसुद्धा एकच छापलीय."

"नाव एकच हवं, असं कुठे छापलंय ते दाखव."

अबुंदिओंनी अर्ज उलटासुलटा करून पाहिला. तसं कुठेच छापलेलं नव्हतं. छापायची गरज पडेल असं कधी कोणाला वाटलंच नव्हतं. "पण ओळीत मावायला पाहिजे," ते म्हणाले आणि मिशीत हसले.

मी पापांना बाजूला ओढलं. "तुमचं एकट्याचं घाला. फळी तुमची, कान तुमचा. तीनदा दुसरे आलात, पापा. कोणी काही म्हणणार नाही." मी मनापासून म्हणत होते. उबाल्दोनेही मान डोलावली.

"पटाशीला मी हात लावलेला नाही, लेओ. पोटात खोटं नाव घालून पहिला येऊ?" मग त्यांनी हाक मारली, "चायो!"

चायोने अंबाड्यात खोचलेला बारीक कुंचला काढला. वीतभर ओळ, नऊ नावं. ती श्वास रोखून लिहीत होती आणि अबुंदिओ भिंग लावून एकेक अक्षर तपासत होते. सगळी मावली. आमच्याकडे कामाच्या क्रमाने उबाल्दो पहिला, म्हणून त्याचं नाव पहिलं. "माझं दुसरं," पापा म्हणाले. "मी तिथेच उभा होतो." मालकीण असून मी त्या ओळीत नव्हते, आणि खरं सांगते, मला त्याचं काही वाटलं नाही. तीच ओळ चायोने चिठ्ठीवर उतरवली आणि मी ती भोकातून आत चिकटवली.

त्या वर्षी पडद्यामागे सतरा गिटारी वाजल्या. निकाल वाचणाऱ्या बाईंनी आकडा पुकारला, बारा, आणि पहिला नंबर कोणाचा ते वाचायला अर्ज उचलला. "उबाल्दो मोरान," त्या म्हणाल्या. कोण हा उबाल्दो? लोक एकमेकांकडे बघायला लागले. "निकांद्रो सालापा," आणि चौकात एकच गलका झाला. बाई वाचतच राहिल्या. पाचव्या नावाला त्यांचा श्वास संपला. त्यांनी पाणी मागितलं, लोक हसले आणि मग अख्खा चौक मोजायला लागला. सहा! सात! आठ! नऊ! लिहिताना चायोने स्वतःचं नाव शेवटी, नववं ठेवलं होतं. ते कोणाला ऐकूच आलं नाही, इतक्या टोप्या उडाल्या. डॉन अबुंदिओंनीही आपली काढली. मी पापांना मिठी मारून ओरडत होते, काय ते आठवत नाही.

आता रोज प्रत्येक फळी ठोकून बघायचं पापांनी कबूल केलं होतं; सोमवारी ते कारखान्यात आले ते साडेआठला.

"इथे आठला काम सुरू होतं," मी म्हणाले.

"मी कारागीर आहे. तुझा घड्याळवाला कामगार नाही."

"उबाल्दो अर्धा तास फळी हातात धरून बसलाय. जुळ्यांना पट्ट्या वाकवता येत नाहीत, चायोचं अडलंय. तुमच्यापायी आठ माणसं खोळंबलीत, पापा."

पापांनी आत पाहिलं. आठही जण खरंच त्यांची वाट बघत उभे होते. पन्नास वर्षं एकट्याने काम केलेल्या माणसावाचून कोणाचं काम कधी अडलं नव्हतं.

"खोळंबलेत?" त्यांनी विचारलं.

"केव्हाचे."

त्यांनी थरथरत्या हाताने टोपी खुंटीला लावायला घेतली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा लागली, आणि ते मोठ्या आवाजात ओरडले, "आण रे ती फळी, उबाल्दो! उद्यापासून मी पावणेआठला येणार!"