भेगेवरचा बाबांचा दोरा

डोंगरावर जत्राच भरली होती म्हणा ना. छत्र्या, प्लास्टिकच्या खोळी, कडेवर पोरं, हातात मोबाइल, आणि सगळ्यांच्या नजरा एका दोऱ्यावर. जमिनीला पडलेल्या लांब भेगेच्या अलीकडे एक लोखंडी खुंटी, पलीकडे दुसरी, आणि मधे ताणून बांधलेला काळ्या लोकरीचा जाड दोरा. एका चमत्कारी बाबांनी तो बांधल्यापासून रोज पाऊस कोसळत होता, पण दोरा काही तुटला नव्हता. दोरा तुटला नाही म्हणजे डोंगर हलला नाही, असा सरळ हिशेब. लोक हात जोडत होते, नारळ फुटत होते.

बाबांच्या वाणीबद्दल तर काय बोलावं! आधी टीव्हीवरच्या ऋषीसारखं हिंदी, "हमने पहाड को बांध दिया है," आणि मग मराठीत उतरून, "गुरुत्वाकर्षण, चुंबकशक्ती आणि देवीची आज्ञा, तिन्ही या दोऱ्यात ओवलीत." बाया-बाप्ये माना डोलावत होते. गुरुत्वाकर्षण दोऱ्यात कसं ओवतात हे विचारायला एकाचीही जीभ रेटली नाही.

भिमाबाई गर्दीच्या मागे उभी होती. तिला हा प्रकार पहिल्या दिवसापासून पटत नव्हता.

मुळात भेगेवर दोरा बांधायची कल्पना बाबांची नव्हतीच. आंबेगाव तालुक्यातली ही वाडी डोंगराच्या बुडाशी, वाडीखाली धरणाचं पाणी, आणि पाण्यापल्याड दुसरी वाडी. डोंगराला भेग पडली तेव्हा पल्याडच्या वाडीतल्या शाळेवरच्या प्रतीक्षा बाईंनी दोन्हीकडच्या लोकांना एकत्र बसवलं. परातीत पाणी घेतलं, वरून मोठं ढेकूळ सोडलं. समोरच्या काठावरून पाणी बदकन बाहेर आलं. डोंगर धरणात घसरला तर अल्याडची घरं गाडली जातील आणि पल्याडच्या घरांवर लाट चालून येईल, समुद्रातल्या त्सुनामीसारखी, असं बाईंनी सांगितलं. आंबेगावात कसली आलीय त्सुनामी म्हणून लोक आधी हसले, पण परात डोळ्यांसमोर होती.

मग एकमेकांच्या शेतात राबायला, इर्जिकीला, जमतात तसे दोन्ही वाड्यांचे लोक जमले. डोंगरावरचं पाणी वळवायला चर खणले, भेगेवर साधा सुती दोरा ताणला. पाळीपाळीनं एकेका घरानं रोज दोरा बघून यायचा. तो तुटला की भोंगा वाजवायचा. अल्याडच्यांनी आपल्या माळावरच्या शाळेत जायचं, पल्याडच्यांनी टेकाडावरच्या विहारात.

दोरा दोनदा तुटला, लोक दोनदा गेले, आणि डोंगर दोन्ही वेळा जागचा हलला नाही, निदान लोकांना तसं वाटलं. मग कुरकुर सुरू झाली. सगळ्यात जास्त वैतागला हौशीराम. तो पाण्याकाठचे प्लॉट विकायचा, आणि भोंगा ऐकला की पुण्याची गिऱ्हाइकं गाडी तिथूनच मागं वळवायची. त्यानंच शिनोलीच्या रस्त्यानं जीप भरून बाबांना आणलं. बाबांनी सुती दोरा उपटून फेकला, आपला बांधला, आणि जो तो तोडील त्याचा वंश मातीखाली जाईल असा दम भरला. झालं! पाळी बंद, भोंगा बंद.

भिमाबाईचा लेक जालिंदर बाबांचा पहिला भगत. त्यानं शाळेत नेऊन ठेवलेली बाळंतीण बायको, आशा, आणि महिन्याचं बाळ पुन्हा घरी आणलं. घर डोंगराला अगदी चिकटून. तेव्हापासून भिमाबाई एकटीच रोज भेग बघून येत होती.

तिचा जन्म मेंढरांमागं गेलेला. भिजलेली लोकर झोळ धरते हे तिला कुणी सांगायला नको. हा दोरा मात्र भर पावसात ताठच्या ताठ. आणि जी भेग ती पूर्वी सहज ओलांडायची, तिच्यावरून आता काठी टेकून उडी घ्यावी लागत होती. लेकाला सांगून पाहिलं, तर तो उलटा तिच्यावरच डाफरला. शेवटी तिनं प्रतीक्षा बाईंना फोन लावला.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या. शेजारी एक सुती दोरा बांधू का, असं त्यांनी बाबांना नम्रपणे विचारलं. सुतात जीव नसतो, देवी कोपेल, असं उत्तर आलं. तेव्हा भिमाबाईनं कनवटीची दोऱ्याची गुंडी काढली. घरच्या मेंढीची लोकर, स्वतःच्या हातानं कातलेली. हिच्यात तर जीव आहे ना, मग देवीला काय अडचण? जमलेले सगळे मेंढपाळांच्याच घरचे. बाबांना नाही म्हणता येईना, आणि तिनं आपला दोरा शेजारी ताणून बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिमाबाईचा दोरा दोन तुकडे होऊन पडला होता. बाबांचा ताठ. आता लोकांचे डोळे उघडतील असं तिला वाटलं, पण घडलं भलतंच. म्हातारीचा तुटला, बाबांचा टिकला, म्हणजे शक्ती खरी, असा जयजयकार झाला. दोरा तुटला म्हणजे भेग रुंदावलीय, असं बाई घसा कोरडा करून सांगत होत्या. ऐकतंय कोण? जालिंदरनं तर तिथंच नारळ फोडला.

भिमाबाईनं पिशवीतून लोकर कातरायची कात्री काढली आणि भेगेपाशी गेली. गर्दी मागं सरली. तिला भीती वाटली. खरंच वाटली. वंश म्हणजे घरात निजलेलं ते महिन्याचं बाळ. मग तिच्या मनात आलं, डोंगर धरून ठेवणाऱ्या दोऱ्याला कात्रीचं एवढं भय कशाला? आणि तिनं कात्री चालवली.

दोरा सटकन अलीकडच्या खुंटीवर येऊन आदळला आणि आखडून निम्मा झाला. भिमाबाईनं तो उचलला, वरची लोकरीची सैल वेणी बाजूला सारली. आत पांढरं काहीतरी होतं.

"जालिंदर, हे काय हाय?"

त्यानं ओढून पाहिलं. "इलॅस्टिक."

"तुज्या चड्डीत मीच ओवत आले लहानपणी. आन् तू त्याच्या भरवशावर लेकरू डोंगराखाली निजवलंस."

भेग रुंदावत गेली तसं इलॅस्टिक ताणत गेलं, एवढाच चमत्कार. बाबा कलियुगाबद्दल काहीतरी पुटपुटत खाली निघाले. हौशीरामनं जीप आधीच सुरू करून ठेवली होती.

जालिंदर पळत खाली गेला, बाळ छातीशी धरलं, आशाचा हात धरला आणि थेट शाळा गाठली. भोंगा वाजला. पल्याडच्या टेकाडाकडे माणसांची रांग लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगर खाली आला. जालिंदरचं घर गेलं. पाणी उसळून पल्याडच्या घरांत घुसलं, प्रतीक्षा बाईंच्या ओट्यावर चिखल साचला. माणूस मात्र एकही दगावला नाही. जालिंदर शाळेच्या पायरीवर बसून पोरासारखा रडला. आईनं त्याला रडू दिलं.

म्हातारीनं दोरा कापला म्हणूनच डोंगर कोसळला, असं अजूनही काहीजण म्हणतात. भिमाबाई चिडत नाही. एवढंच विचारते, "मग मी कापायच्या आदीच माजा दोरा कशानं तुटला व्हता?"

तेव्हा बाबांनो, बायांनो, तुमच्या गावात कुणी संकट बांधून द्यायला आला, तर आधी त्याला विचारा की तुझं खोटं ठरलं तर ते आम्हाला कशावरून कळेल? त्यानं उत्तर दिलं तर ऐका, तपासून पाहा. आणि विचारलं म्हणून तो शाप द्यायला लागला, तर त्याच्या पाया पडत बसू नका. शेजारच्या गावाला फोन करा, पोरंबाळं उचला आणि उंचावर जा.