पाळी कोणाची

मंदामावशीने जे ऐकलं ते सगळं खरं होतं. एक शब्दही तिने पदरचा घातला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिला बरंच बोलणार आहे.

रविवारची दुपार होती. मी आतल्या खोलीत कानात इअरफोन घालून बसले होते आणि मावशी पडवीत वाल सोलत होती. ती आईची बहीण, शेजारच्याच घरात दिलेली, त्यामुळे आमच्या घराला दार असून नसल्यासारखं. मी पाणी प्यायला उठले, वायर खाटेला अडकली, पिन निसटली आणि मोबाईल मोठ्याने बोलायला लागला. मी तोवर माठापाशी पोचले होते. तेवढ्यात मावशीच्या कानावर तीन पुरुषांचे आवाज गेले.

पहिला म्हणाला, "मोनालीची पाळी चुकली." मोनाली म्हणजे मी.

दुसरा म्हणाला, "माझ्यामुळेच चुकली रे. मी तिला घट्ट धरून ठेवलं होतं."

तिसरा म्हणाला, "आता तिला सोडा आणि पळा, नायतर आपण तिघंही अडकू."

मी पेला घेऊन परत आले तर मावशी दारात उभी. मांडीवरचे वाल पडवीभर सांडलेले आणि तोंडातून आवाज नाही. मावशीचा आवाज गेला म्हणजे समजायचं, आता तो आमच्या उमरोळी गावभर फिरणार.

खेळ काय होता ते सांगते. आम्ही चौघं पालघरच्या कॉलेजात एका वर्गात होतो. आता रविवारी मोबाईलवर एकत्र येतो आणि खेळतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. पुढे दार आलं तर उघडायचं की नाही ते आपण ठरवायचं. राक्षस आला तर फासा टाकायचा. मोठा आकडा पडला की राक्षस मेला, लहान पडला की आपण. बस, एवढंच. बाकी सगळं डोक्यात.

गोष्ट सांगणारा शैलेश, शिरगावचा. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि तिथे गेल्यापासून त्याला मराठीचा फार पुळका आलाय. भावेश बोईसरचा. खेळात तो महामांत्रिक कालकेतू, नुसत्या नजरेने डोंगर फोडणारा. घरी आईला विचारल्याशिवाय अंडं खात नाही. रूपेश मासवणचा, पालघरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. खेळात तो अग्निबाहू. सात हात उंच राक्षस त्याने एकट्याने आडवा केलाय, आणि ती गोष्ट तो दर रविवारी एकदा तरी काढतो. आणि मी रणका. भुयारात मशाल घेऊन सगळ्यांच्या पुढे चालणारी. चौघांत मशाल एकच, कारण तिघांनीही तलवारी, चिलखतं, मंतरलेल्या अंगठ्या घेतल्या. अंधारात दिसणार कसं, हे कोणालाच सुचलं नाही.

शैलेशने खेळातला इंग्रजी शब्द न् शब्द हाकलून लावला होता. स्वतःला तो सूत्रधार म्हणवतो. 'टर्न'ला त्याने ठेवलं 'पाळी'. मी तेव्हाच म्हटलं होतं, "शैलेश, डाव म्हण, खेप म्हण, दुसरं काहीही म्हण."

"शब्द घाण नसतो, मोनाली," तो म्हणाला होता. "ऐकणाऱ्याचं डोकं घाण असतं."

बाकी दोघांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. खरं सांगायचं तर मलाही पटलं. एक पुरुष तो शब्द आवाज न उतरवता बोलतोय, हेच मला मोठं वाटलं.

तर त्या दुपारी आमच्या पुढे खचलेला पूल होता. रणका खाली पडत होती, अग्निबाहूने तिचा हात धरला, त्या ओढाताणीत माझा डाव हुकला. मागून राक्षस येत होता. मावशीला हे सांगितलं. आईला सांगितलं.

"कसला पूल? कुठं हाय तो पूल?" आईने विचारलं.

"कुठं नाय आई. डोक्यात."

"आणि धरलं ते?"

"ते पण डोक्यात."

"फासे टाकता म्हणालीस," मावशीला आवाज परत आला. "म्हणजे जुगार पण हाय. वर तो."

दुसऱ्या दिवशी आई तोंडावरून पदर घेऊन बोईसरला गेली आणि तपासणीची पट्टी घेऊन आली. उमरोळीतला मेडिकलवाला ओळखीचा ना. पट्टीवर एक रेघ आली. दोघी बहिणी खिडकीच्या उजेडात ती रेघ बघत बसल्या.

"एक रेघ," मावशी म्हणाली. "म्हणजे एकच हाय. जुळं नाय."

मी तारापूरला रसायनांच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते. दिवसभर हेच करते, नमुना घ्यायचा, तपासायचा, सही करायची. माझ्या सहीवर टँकर गेटबाहेर पडतो. घरात माझ्याच पट्टीवरची एक रेघ मला कोणी वाचू देईना.

"एक रेघ म्हणजे नाय, मावशी. दोन आल्या तर हो. पाकिटावर लिहिलंय, वाचून दाखवते."

"तू तर तसंच वाचणार," आई म्हणाली.

आणि माझं कामावर जाणं बंद झालं. भानगड कंपनीतलीच असणार, नाहीतर तीन पुरुष येणार कुठून, असा त्यांचा हिशेब. आईने मोबाईल कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. बाबा वाडीत गेले आणि झावळ्या तोडत राहिले. आमच्याकडे पुरुषाला लाज वाटली की झाडांची कामं भराभर होतात. कंपनीतून सुपरवायझरचा आईच्या फोनवर निरोप आला, "सोमवार को नहीं आई तो दूसरी लड़की रख लेंगे." ती नोकरी मला कोणी ओळखीने दिली नव्हती. माझ्या आयुष्यात मी एकटीने मिळवलेली तेवढी एकच वस्तू होती आणि ती एका शब्दापायी चालली होती.

शेवटी आईच म्हणाली, "बोलव त्या तिघांना. माझ्या तोंडावर सांगू दे काय ते."

तिच्यासमोर मोबाईल घेतला आणि निरोप टाकला. रविवारी सकाळी घरी या, माझी नोकरी जातेय, एवढंच सांगायचंय की खेळ होता. उत्तरं लगेच आली. शैलेशने लिहिलं, रणकाला आम्ही एकटं सोडणार नाही. भावेशने तलवारीचं चित्र पाठवलं. रूपेशने लिहिलं, निघालोच समज.

रविवार उजाडला. आईने तेवढ्यापुरता मोबाईल बाहेर काढला.

आधी भावेशचा निरोप, आईला बरं नाही. त्याच्या आईने तासाभरात स्टेटसला भाचीच्या हळदीचे फोटो टाकले, ती मधोमध नाचतेय.

मग शैलेशचा फोन. यायला जमत नाही, पण काकूंशी बोलतो म्हणाला. आईने फोन कानाला लावला. मी शेजारी, मला सगळं ऐकू येत होतं.

"काकू, ते ॲक्च्युअली मिसअंडरस्टँडिंग झालंय," मराठीचा सूत्रधार म्हणाला. "तिची टर्न मिस झाली."

"काय मिस झालं?"

"टर्न, काकू."

"मंदाने तर दुसरंच ऐकलं. नीट मराठीत बोल ना."

शब्द घाण नसतो म्हणणारा माणूस तो शब्द माझ्या आईसमोर तोंडातून काढेना. "काकू, आवाज तुटतोय तुमचा," म्हणाला आणि ठेवून दिला.

आईने मोबाईल परत कपाटात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "हा लपवतोय काहीतरी."

राहिला अग्निबाहू. तो आला. खरंच आला, मासवणवरून मोटारसायकल हाणत, नवा शर्ट घालून. मी खिडकीतून बघत होते. अंगणात बाबा नारळ सोलत होते आणि पायरीवर मावशी विळीवर फणस कापत होती. हात तेलाने माखलेले, पुढ्यात विळीचं पातं. मावशीने मान वर केली.

"कोण पायजे?"

रूपेशने विळीकडे बघितलं. मावशीकडे बघितलं. सात हात उंच राक्षस आठवला असेल तर माहीत नाही.

"इथं," तो म्हणाला, "नारळ मिळतात का?"

बाबांनी गोणीभर नारळ दिले. त्याने गोणी मोटारसायकलला बांधली आणि गेला. जाताना खिडकीकडे एकदाही बघितलं नाही. मी काही ओरडले वगैरे नाही. मला त्या क्षणी राग पण आला नाही. नुसतं दिसत होतं, माझी नोकरी नारळाच्या गोणीबरोबर मासवणला चाललीय.

थोड्या वेळाने बाबा आत आले. आठवडाभरात पहिल्यांदा माझ्या समोर बसले.

"तो पोरगा कोण होता गं?"

"कोण?"

"नारळवाला. भाव केला नाय त्याने. शेंडी पण बघितली नाय, वाजवून पण बघितला नाय. नारळ घ्यायला नव्हता आला तो."

मी सांगितलं. पूल, राक्षस, अग्निबाहू, सगळं सांगितलं. शेवटी बाबा म्हणाले, "म्हंजे राक्षसाला मारलंन् आणि मंदाला घाबरला."

"हो."

"मंदाला मी पण घाबरतो," ते म्हणाले. मग कपाटाकडे बघून आईला, "प्रेमला, तिला मोबाईल दे. खेळू दे तिला, आपल्यासमोर. त्यांना सांगायचं नाय आपण ऐकतोय ते."

दुपारी पडवीत बसलो. मोबाईल पाटावर, आवाज पूर्ण मोठा. आई, बाबा, मावशी भोवती, सत्यनारायणाला बसल्यासारखे.

"आलीस का?" शैलेशचा आवाज आला. "मिटलं ना घरचं? मी काकूंना सगळं नीट समजावलं."

आईच्या भुवया वर गेल्या.

"मी पण आलो होतो," रूपेश म्हणाला. "पण वातावरण तापलेलं होतं. माघार घेतली. डावपेच असतात ते."

बाबा माझ्या कानाशी आले. "इचार, नारळ कसे निघाले."

मी विचारलं नाही. शैलेशने गोष्ट सुरू केली. आम्ही भुयाराच्या पार तळाशी होतो, पुढे तीन तोंडांचा राक्षस, मागे आम्ही आलो ती वाट. माझ्या हातातली मशाल सोडली तर सगळा काळोख. मावशी फणसाचा गरा हातात धरून ऐकत होती, तो तोंडापर्यंत काही जाईना.

"भावेश, तुझी पाळी," शैलेश म्हणाला.

आईने मान उचलली. उत्तर नाही. भावेशच्या फोनमधून लांबून बाईचा आवाज येत होता, अरे गॅसवर दूध आहे, बघ जरा.

"भावेश, लवकर. तुझी पाळी आहे."

कोणी नाही.

"गेली," शैलेश म्हणाला. "भावेशची पाळी चुकली."

"त्याची दर वेळेला चुकते," रूपेश म्हणाला. "आई हाक मारते ना त्याला. बरं, माझी पाळी आली का?"

पडवीत तिघं एकमेकांकडे बघायला लागले. मग मावशी हळूच म्हणाली, "या बाप्यांना पण येते?"

आईने पदर तोंडावर धरला. हसते की रडते ते कळलं नाही. मग ती बाबांकडे वळून म्हणाली, "खेळच हाय तो," आणि उठून आत गेली. डब्याचं झाकण वाजलं. उद्याच्या डब्याला काय, हे ती बघत होती.

म्हणजे मी आठवडाभर घसा कोरडा केला ते खोटं. पट्टीवरची रेघ खोटी. एका बाप्याची पाळी चुकली तेव्हा कुठे मी खरी ठरले. नोकरी वाचली, चांगलं झालं, पण हे मी विसरणार नाही.

"सरळ डाव म्हणायला काय धाड भरली होती त्याला?" मावशी म्हणाली. तिने गरा तोंडात टाकला. वालाचं, पट्टीचं, गावभर केलेल्या दवंडीचं तिच्याकडून झालं एवढंच. माफीबिफी आमच्यात कोणी मागत नाही.

"मोनाली," मोबाईल बोलला, "तुझी पाळी."

मी म्हटलं, "रणका मागे वळते."

"म्हणजे वार चुकवते?"

"नाय. मशाल घेऊन मागे फिरते आणि चालायला लागते. बाहेर."

"अगं थांब. मशाल नेलीस तर आम्ही अंधारात."

"हो."

"राक्षस समोर आहे, मोनाली," रूपेश म्हणाला.

"सात हात उंच नाय ना? मग तुला काय. नायतर नारळ आहेत का विचार त्याला."

बाबा खोकले. शैलेश घाईघाईने म्हणाला, "फासा टाकावा लागेल तुला. असं जाता येत नाही."

"आले त्याच वाटेने जातेय. आपल्या पायांनी चालायला फासा कशाला?"

"मोनाली, धिस इज नॉट फेअर, तू ॲक्च्युअली..."

"मराठीत बोल, शैलेश. आवाज तुटतोय तुझा."

तिघं एकदम बोलायला लागले. भावेशसुद्धा दूध उतरवून परत आला होता आणि दिसत का नाही काही, असं विचारत होता. मी मोबाईल बंद केला आणि पाटावर उपडा ठेवला.

मावशीने मोबाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुढे सरकून बसली.

"मग? राक्षसाने खाल्लं त्यांना?"

"काय माहीत, मावशी," मी म्हटलं. "आता त्यांची पाळी."