भुऱ्याच्या पाठीवरचं जळकं ऑइल

केशोरी गावच्या इंदरलालच्या घरी कुत्र्याला खरूज झाली की औषध ठरलेलं असे: ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल. हा शोध कोणी लावला कोणास ठाऊक, पण बाप लावायचा म्हणून मुलगाही लावत होता! त्याच्या भुऱ्या कुत्र्याची पाठ खाजून खाजून उघडी पडली, तेव्हा इंदरलालनं ब्रशनं शेपटीपर्यंत काळं ऑइल फासलं आणि निश्चिंत मनानं भाताच्या रोवणीला गेला.

इंदरलाल काही दुष्ट माणूस नव्हता. पावसाळ्याआधी बैलांना लस टोचून घ्यायला तो कधी विसरत नसे. पण कुत्र्याला कसला आलाय दवाखाना! उरलासुरला भात खावा आणि पडून राहावं, एवढंच त्याचं जगणं, असं त्याला वाटे.

भुऱ्या मात्र ते ऑइल चाटत राहिला. त्याला ओकाऱ्या झाल्या, खाणं सुटलं, कोणी जवळ गेलं की तो गुरगुरू लागला. एका सकाळी इंदरलाल पुन्हा ब्रश घेऊन वाकला आणि भुऱ्यानं त्याच्या मनगटाला दात लावला.

"पागल झाला हा!" इंदरलाल ओरडला. "कुंता, पोतं आण. नवेगाव बांधच्या जंगलात सोडून येतो याले."

"अजी, तिथं बिबट ठेवन का त्याले?" त्याची बायको कळवळून म्हणाली. "त्याचं अंग दुखून राहिलं, म्हणून चावला तो!"

"अन् उद्या आपल्या रुचीले चावला तं?"

लेकीचं नाव निघालं तशी कुंतानं पोतं आणून दिलं. आरडाओरडा ऐकून शेजारून इंदरलालची काकू, शकुंतलाबाई आली. तिनं आधी त्याला नळाखाली बसवलं आणि ती जखम साबण लावून चांगला वेळ धुवायला लावली. मग ऑइलचा डबा उचलून त्याच्यासमोर बसली.

"पाय पुढे कर."

"कायले?"

"रोवणीच्या चिखलानं बोटांत चिखल्या झाल्या ना तुले? हे ऑइल लावू तिथं."

इंदरलालनं झटकन पाय आखडून घेतला. "काकू, आग होईल ना!"

"असं? तुले आग होते, अन् त्या मुक्या जीवाले थंड वाटते काय?"

इंदरलालनं पाय आणखी मागे ओढला.

"अन् तो तं अंग चाटते," काकू पुढे म्हणाली. "सगळं पोटात गेलं त्याच्या. आता तो दुखण्यानं चावला का पिसाळला, हे डॉक्टर सांगन. तू कोण ठरवणारा? खरंच पिसाळला असन अन् तू सोडून दिला, तं दुसऱ्याच्या रुचीले चावन!"

इंदरलालची मान खाली गेली. आपण एवढे दिवस काय करत होतो! त्यानं पोतं कुंताच्या हाती परत दिलं. मग सरकारी दवाखान्यात जाऊन स्वतः इंजेक्शन घेतलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना घरी आणलं.

डॉक्टरांनी ऑइल धुवून काढलं, औषध दिलं, कुत्र्याला लेकरांपासून वेगळं, सावलीत बांधून लक्ष ठेवायला सांगितलं. "बैलाची लस चुकत नाही ना? मग याचीच काऊन चुकली?" त्यांनी विचारलं. इंदरलाल ओशाळला.

भुऱ्या पिसाळलेला नव्हता. हळूहळू तो खाऊ लागला, पाठीवर केस आले, रेबीजची लसही झाली. पण इंदरलालनं हात पुढे केला की तो अजूनही खाटेखाली शिरायचा.

"मले भिऊन राहिला हा," इंदरलाल खिन्नपणे म्हणाला.

"भिईल नाही तं काय! रोजचा भात तुम्ही वाढा. अन् जबरदस्तीनं धरू नका," कुंता म्हणाली.

तेव्हापासून तो स्वतः भात वाढून जरा दूर बसू लागला. एक दिवस भुऱ्या जेवून उठला, त्यानं इंदरलालच्या हाताचा वास घेतला आणि तो त्याच्या पायाला टेकून झोपला. इंदरलालचे डोळे भरून आले. पाय अवघडला तरी तो हलला नाही.

मित्रांनो, गुरगुरणारं जनावर वाईट नसतं, बहुतेकदा ते दुखणं सांगत असतं. त्याला गावठी उपाय फासू नका, रानात टाकू नका. डॉक्टरांना दाखवा, दरवर्षी लस द्या. औषध दवाखान्यात मिळेल. विश्वास मात्र आपल्याला घरीच, धीरानं मिळवावा लागेल.